आवतण दिलेलं झाड

मामा,

तुझी राख सावडून झाली त्या दिवशी दुपारी मी तुला जेवू घातलं. हे वाक्य मी कुणापुढे बोलले असते तर बाईच्या डोक्यावर परिणाम झाला असंच लोक म्हणाले असते, म्हणून बोलले नाही. पण मी कशाबद्दल बोलतेय ते तुला ठाऊक आहे. स्मशानातून घरी आले, डोक्यावरून पाणी घेतलं आणि कुणाला न सांगता स्कूटी काढून कॉलेजात गेले. प्रयोगशाळेतल्या इनक्युबेटरचं दार उघडलं, आतल्या काचेवरची वाफ पुसली आणि तुझी बाटली बाहेर काढली. तळहाताएवढी, चपटी. तिच्यातलं गुलाबी पाणी पिवळं पडलं होतं. पाणी पिवळं पडलं म्हणजे बाटलीतल्या पेशी जेवल्या, असं मीच तुला समजावलं होतं. जुनं पाणी काढलं, नवं घातलं, बाटली परत उबेत ठेवली. तिरडीवर तुझा हात धरला तेव्हा तो लाकडासारखा गार होता. बाटली मात्र गरम होती, जित्या माणसाच्या अंगाइतकी.

तू आईचा शेंडेफळ भाऊ, माझ्याहून बाराच वर्षांनी मोठा, म्हणून तुला कधी अहोजाहो केलं नाही. मेंढरं विकून तू चितेगावच्या एका कारखान्यात रखवालदार झालास, पण पाय डोंगरातच राहिले. सुट्टीला पडेगावच्या मागच्या डोंगरात चक्कर मारायचास ती मेंढरं नसतानाही मेंढरांच्याच चालीनं. मी औषधनिर्माणाच्या कॉलेजात शिकवायला लागले तेव्हा तू विचारलंस, "तू माणसांची डाक्टर नाय, ढोरांची नाय, मंग कुणाची?" बाटल्यांची, मी म्हणाले. तेव्हापासून मी साऱ्या पाहुण्यारावळ्यांत बाटल्यांची डाक्टरीन झाले. लग्नाच्या पंगतीतसुद्धा मला त्याच नावानं हाक यायची आणि मी ओ द्यायचे.

बाटल्यांत काय असतं ते बघायला तू एकदाच आलास. मी झाडपाल्याचे अर्क काढते आणि ते फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या पेशींवर काही करतात का ते बघते, एवढं तुला माहीत होतं. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला तू टोपी मागे सारलीस. मग विचारलंस, हे कुणाचं आहे. मी नेहमीच्या शिकवायच्या आवाजात सांगितलं, की एका माणसाच्या फुफ्फुसातल्या गाठीतून या पेशी काढल्या, तो माणूस माझ्या जन्माच्याही आधी गेला, आणि या अजून जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतायत. तू डोळा काढलास.

"म्हंजे ह्यो पुरता मेलाच नाय," तू म्हणालास. "नाव काय व्हतं त्याचं?"

नाव माहीत नाही, नंबर आहे, असं मी सांगितलं. तू टोपी काढून इनक्युबेटरला हात जोडलेस. माझ्या विद्यार्थिनी तोंड फिरवून हसल्या आणि मला तुझी लाज वाटली. ती लाज मला आजही वाटते, फक्त आता ती माझी मला वाटते.

ज्या झाडावरून आपलं भांडण झालं त्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. लिहिलं तर उद्या अर्ध्या जिल्ह्यातले लोक ते उपटून काढा करून पितील, आणि ते पाप मला नको. गुडघ्याएवढं झाड आहे. श्रावणात उगवतं, भादव्यात फुलतं, दिवाळीला वाळून जातं. पान चुरलं की जिऱ्यासारखा वास येतो. मेंढरांच्या छातीत कफ धरला की तुमच्यात त्याचा पाला देत, हे तूच मला सांगितलं होतंस. मी म्हणाले, दे आणून पोतंभर. तू म्हणालास, असं नसतं आणता येत.

मग तू रीत सांगितलीस. दवेसाठी झाड घ्यायचं तर आदल्या दिवशी दिवेलागणीला त्याच्यापाशी जायचं. आपली सावली त्याच्यावर पडू द्यायची नाही. बुडाशी हळदीचे तांदूळ आणि एक सुपारी ठेवायची आणि आवतण द्यायचं: उद्या तुला न्यायला येतो, अमक्या गावच्या अमक्यासाठी, त्याला असं असं झालंय. रोग्याचं नाव सांगावंच लागतं. मग दुसऱ्या दिवशी दव असतानाच जायचं, न बोलता, आणि मुळाला धक्का न लावता घ्यायचं. बिनआवतणाचं झाड नुसता पाला असतो, तू म्हणालास. आणि मग नेमकं तेच विचारलंस: "तुह्या बाटलीतल्या माणसाचं नाव तुला ठाव नाय. मंग सांगू कुणासाठी?"

मी हसले. मी शिकलेली ना. दुपारच्या उन्हात दोन विद्यार्थिनींना घेऊन गेले आणि मुळासकट चार पोती उपटून आणली. तू ओट्यावर बसून बघत होतास. एवढंच म्हणालास, की पोरींच्या हातावर माती लागलीय, धुवायला पाणी घ्या. त्या चार पोत्यांचा अर्क सहा महिने आम्ही पेशींवर घालत होतो. त्या पेशी जशाच्या तशा. पाणी पिवळं करत राहिल्या, वाढत राहिल्या. पुढच्या पावसाळ्यात मी तुझ्या दारात येऊन बसले आणि म्हणाले, तू आण बाबा, तुझ्या रीतीनं आण. तू नाक वर करून दाखवलं नाहीस, हे तुझं मोठेपण. चौथ्या दिवशी गोणपाटात गुंडाळून झाड आणून दिलंस. त्याच्या अर्कानं तिसऱ्या दिवशी त्या पेशी तळ सोडून तरंगायला लागल्या, मेलेल्या.

यावर आपण तीन पावसाळे भांडलो. माझं म्हणणं, तू पहाटे तोडतोस, ऐन फुलोऱ्यात तोडतोस, सावलीत वाळवतोस. मी भर उन्हात उपटून पत्र्यावर वाळत घातलं. त्यात काही गूढ नाही. तुझं म्हणणं, हे सगळं खरं आहे, आणि आवतणही खरं आहे. माझ्या शोधनिबंधात पहाटेचं लिहिलं गेलं, फुलोऱ्याचं लिहिलं गेलं, सावलीचं लिहिलं गेलं. कुणाचं नाव सांगून आणलंस, हे मात्र मी तुला तीन वर्षांत एकदाही विचारलं नाही. मामा, माणूस आपलं काम झालं की किती आंधळा होतो.

तुला खोकला कधी लागला ते कुणालाच नीट सांगता येत नाही. तू विडी ओढायचास, आणि विडी ओढणाऱ्याचा खोकला घरातल्या घड्याळासारखा असतो, कुणी ऐकत नाही. तूच आपला अडुळसा उकळून पीत राहिलास. हिवाळा गेला, उन्हाळा लागला, आणि थुंकीत रक्त दिसलं तेव्हा मामीनं मला फोन केला. फोटोत तुझ्या उजव्या फुफ्फुसावर लिंबाएवढा पांढरा डाग होता. डॉक्टरांनी विडीचा हिशेब विचारला तेव्हा तू बोटं मोडत बसलास आणि मी खिडकीबाहेर बघत बसले. तंबाखू हेही झाडच. त्याला कुणी आवतण देत नाही, ते आपणहून येतं.

इलाज सुरू झाला तेव्हा तू शहाण्यासारखा वागलास, हे मी कबूल करते. सुया टोचून घेतल्यास, केस गेले तर टोपी ओढून घेतलीस. सलाइनमधून तुला जाणाऱ्या एका औषधाचं मूळ सदाफुलीत आहे, असं मी सांगितलं तेव्हा तू अविश्वासानं माझ्याकडे बघितलंस. तुझ्या दारात तेलाच्या डब्यात लावलेली, मामी रोज देवाला वाहते ती सदाफुली? तीच, पण तिची पानं चघळत बसू नकोस, विष आहे, त्यातलं नेमकं काय आणि किती घ्यायचं हे शोधायला कितीक माणसांचे जन्म गेलेत. तू म्हणालास, तिला आवतण कुणी दिलं होतं? मी म्हणाले, आता ते कारखान्यात तयार होतं. "म्हूनच उलट्या व्हायल्या," तू म्हणालास, आणि शेजारच्या खाटेवरचा माणूस हसता हसता खोकायला लागला.

भादव्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की औषधाला आता गाठ जुमानत नाही. तुला मी सांगितलं नाही. तुला कळलं होतंच. घरी नेलं त्या संध्याकाळी तू ओट्यावर भिंतीला टेकून बसलास आणि म्हणालास, "सुमे, ती तुझी बाटली मला दे."

मी नाही म्हणाले. पुढचं सगळं आपण दोघांनीच ऐकलं, म्हणून इथं लिहिते. मी म्हणाले, ते औषध नाही, तो अर्क आहे. बाटलीतल्या पेशी फिनेलनंही मरतात, म्हणून कुणी फिनेल पीत नाही. तो अर्क तुझ्या काळजाचं, मूत्रपिंडाचं काय करेल ते मला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. तू शांतपणे ऐकून घेतलंस.

"मी मरायलोच की. आता भ्या कशाचं?"

"मी तुला मारणार नाही."

"तू कुठं मारायलीस. मी मागायलोय."

मी चपला घालून निघून आले. त्यानंतर पंधरा दिवस तू माझ्याशी बोलला नाहीस. आपल्या अख्ख्या आयुष्यात एवढा अबोला कधी धरला नव्हतास.

अबोला तूच सोडलास. फुफ्फुसाभोवती पाणी धरलं होतं आणि ते सुईनं काढायला तुला दवाखान्यात नेलं. असं पाणी फेकूनच देतात. पण त्याच्यात गाठीतल्या पेशी असतात आणि आमच्या कामासाठी, रोग्याची परवानगी असली तर, ते घेता येतं. हे मी कधीतरी बोलताना सांगितलेलं तू लक्षात ठेवलं होतंस. नळीतून लिंबूसरबतासारखं पाणी बाटलीत उतरत होतं. तू त्याच्याकडे बघत होतास. "मला नाय देत ना?" तू म्हणालास. "मंग माह्या ह्या पाण्याला तरी दे."

परवानगीचा अर्ज मीच वाचून दाखवला. त्यात एक प्रश्न होता, काम झाल्यावर पेशी गोठवून ठेवायच्या का. तू विचारलंस, किती दिवस? मी म्हणाले, हवी तितकी वर्षं. तू ताबडतोब नाही म्हणालास. मेंढरू बी एकदाच मरतं, म्हणालास, काम झालं की सोडून द्या. सही केलीस. आणि मग आमची रीत मी तुला सांगितली: बाटलीवर रोग्याचं नाव लिहायला बंदी, फक्त नंबर. तुझा नंबर सतरा. "तुमचं समदंच उलटं," तू म्हणालास.

पेशी रुजल्या. बहुतेकदा रुजत नाहीत, तुझ्या रुजल्या. बाटलीच्या तळाला चिकटून त्यांनी हात पसरले. तू रोज फोन करायला लागलास. कसा आहे तो? मी विचारायचे, कोण? "बाटलीतला खंडू." बरा आहे, मी सांगायचे, चांगला जेवतो. "मी हितं वाळायलो आन् त्यो तिथं माजायलाय," तू म्हणायचास आणि हसायचास, आणि ते हसू खोकल्यात जायचं. फोन ठेवून मी इनक्युबेटरपाशी उभी राहायचे. तो अधूनमधून फुस्स करून आत वायू सोडतो. दवाखान्यातली तुझी प्राणवायूची नळी तोच आवाज करायची. कधीकधी मला वाटायचं, हे दोन्ही एकाच तालावर चाललंय. मी घड्याळ लावून बघितलं नाही. मला बघायचं नव्हतं.

आणि अर्क दिलास का, असं तू विचारलंस की मी म्हणायचे, अजून पेशी पुरेशा नाहीत. पहिले आठ दिवस ते खरं होतं. मामा, नंतर ते खोटं होतं. पेशी भरपूर होत्या. तू आणलेल्या शेवटच्या झाडाच्या अर्काची एक कुपी फ्रीजमध्ये होती, एका प्लेटीला पुरेल एवढी. पण त्यानं बाटलीतला खंडू मेला असता, तर खाटेवरच्या खंडूला नाही कसं म्हणणार होते मी? आणि नसता मेला, तर तुझ्या तीन वर्षांच्या पहाटांचं काय? मी वाट बघत बसले. तू कार्तिकात गेलास, घरी परत आणल्यावर, सकाळी, मामी चहा गाळत असताना. मी तुला खोटं बोलत होते आणि तुला ते माहीत होतं असं मला वाटतं, कारण शेवटचे चार दिवस तू विचारणं सोडलं होतंस.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. आम्ही मागे सरकायच्याही आधी. सगळ्यांना हायसं वाटलं. खंडूचं काही राहिलं नाही, समाधानानं गेला, म्हणाले. मी एकटीच कावळ्याकडे बघत उभी होते. मला त्याचा राग आला. तुझं काय राहिलंय ते मला माहीत होतं, आणि ते शहरात, एका कपाटात, उबेत होतं. इथं काही उरलंच नव्हतं, म्हणून तो इतक्या सहज खाली उतरला असेल.

घरी आल्यावर पारूमामीनं मला माजघरात बोलावून दार लोटलं. माझं एक काम कर, म्हणाली. पाणी काढायला तुला दवाखान्यात हलवलं त्याच्या आदल्या संध्याकाळी तू तिला घेऊन डोंगराच्या पायथ्याला गेला होतास, हे मला तेव्हा कळलं. चार ठिकाणी बसत गेलास म्हणे. खालच्या मोठ्या दगडापाशी ते झाड होतं. मामीला तू दहा पावलं मागे थांबवलंस. खोकल्यामुळे तुला वाकता येईना, तर गुडघ्यावर बसून तांदूळ ठेवलेस, सुपारी ठेवलीस. आणि बोललास ते तिनं ऐकलं. मामीनं मला ते जसंच्या तसं सांगितलं.

"दरसालचाच खंडू हाय, पडेगावचा. औंदा खरंच बिमार हाय."

दरसालचाच. बाटलीतल्या माणसाला नाव नव्हतं, म्हणून तू तुझं दिलंस. धडधाकट होतास तेव्हा, डोंगर एका दमात चढत होतास, आणि तीन पावसाळे, दिवेलागणीला, एका झाडापुढे बसून तू सांगत होतास की पडेगावच्या खंडूच्या फुफ्फुसात गाठ आहे. माझ्यासाठी. माझ्या चार पोत्यांच्या चुकीसाठी.

मला माहीत आहे, नावानं गाठ होत नाही. विडीनं होते. हे मी वर्गात शिकवते आणि उद्याही शिकवीन. पण त्या माजघरात मला माझं शिकवणं कामाला आलं नाही. मी रडले, आणि मामी माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, जशी काही विधवा मीच झाले होते.

मग तिनं काम सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तू उठूच शकला नाहीस, ते झाड घ्यायचं राहिलं. आवतण दिलेलं झाड वाट बघत राहतं, मामी म्हणाली. त्याला जाऊन सांगायचं असतं की रोगी गेला, आणि सुपारी परत घ्यायची असते. त्यांचा भाचीवर जीव होता, तूच जाऊन सांग, म्हणाली. मी हो म्हणाले. दोनदा डोंगराच्या रस्त्याला लागले आणि दोनदा परत फिरले. काय सांगणार होते, मामा? मामा गेला म्हणून? त्याच सकाळी मी तुझं पाणी बदलून आले होते आणि तू आदल्या दिवसापेक्षा जास्त झाला होतास. असल्या जागी खोटं बोलायची माझी हिंमत झाली नाही.

म्हणून आधी प्रयोग केला. मार्गशीर्षातल्या एका सोमवारी सकाळी बाटलीतल्या पेशी सोडवून खळग्यांच्या प्लेटीत वाटल्या. शेजारी निरोगी फुफ्फुसाच्या पेशींची वेगळी रांग, कारण नुसतं मारणारं काही शोधणं सोपं असतं, निवडून मारणारं शोधायचं असतं. काही खळग्यांत मी उपटलेल्या झाडाचा जुना अर्क. काही खळग्यांत नुसतं पाणी. आणि राहिलेल्यांत तू आणलेलं, तुझ्या नावानं आलेलं झाड. एकेका खळग्यात थेंब सोडत मी तुझ्याशी बोलत होते. विद्यार्थिनींना वाटलं, मी आकडे मोजतेय.

बुधवारी बघितलं. माझ्या अर्काच्या खळग्यांत तू मजेत होतास. तुझ्या अर्काच्या खळग्यांत तू नव्हतास. एकही पेशी तळाला धरून नव्हती. एवढं स्वच्छ मी कधी बघितलं नव्हतं, त्या जुन्या नंबरवाल्या माणसाच्या पेशींतसुद्धा नाही. झाडानं तुला ओळखलं, असं माझ्या मनात आलं. येऊ नये ते आलं, आणि मी ते खोडत नाही. मग निरोगी पेशींची रांग बघितली. त्याही मेल्या होत्या. सगळ्या. तुझ्या पेशींच्याही आधी मेल्या असाव्यात, इतक्या फुटलेल्या.

म्हणजे त्या संध्याकाळी ओट्यावर मी नाही म्हणाले ते बरोबर होतं. बाटली दिली असती तर ती तुला आठ दिवसांत घेऊन गेली असती. हे कळल्यावर मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं ते एवढंच, की हे आता तुला फोन करून सांगावं आणि आपण परत भांडावं. त्या अर्कात काय काय आहे ते वेगळं करत बसायचं, कुठलं विष आणि कुठली दवा ते शोधायचं, हे काम माझ्या निवृत्तीपर्यंत पुरेल. तू म्हणाला असतास, मंग कर की, बसलीस कामून.

बाटलीत तळाला थोडा तू अजून शिल्लक होतास. आमचे विभागप्रमुख सर म्हणाले, इतक्या चांगल्या रुजलेल्या पेशी टाकू नका, काही मार्ग काढता येतो का बघू. मी अर्ज दाखवला, तुझं "नाही" दाखवलं. त्यांनी तो वाचून परत दिला. पण सांगते तुला, ते गेल्यावर मी गोठवायची एक कुपी हातात घेतली होती. झाकण उघडलं होतं. मेंढरू बी एकदाच मरतं, हे तुझ्या आवाजात ऐकू आलं असं लिहिलं तर नाटकी वाटेल. मला फक्त तुझी सही दिसली, वाकडी, ओळीच्या खाली उतरलेली. मी कुपी ठेवून दिली आणि बाटलीत ब्लीचचं पाणी ओतलं. गुलाबी रंग बघता बघता उडाला. मी बाटली हातात धरून बसले, ती गार होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डोंगरात गेले. मार्गशीर्ष संपत आला होता. सगळी उतरण पिवळी, कुसळांची. त्या जातीची झाडं वाळून काड्या झालेली, पाय पडला की मोडत होती. खालच्या मोठ्या दगडापाशी एकच झाड हिरवं उभं होतं. नुसतं हिरवं नाही, फुललेलं. पान चुरायचं धाडस झालं नाही, पण वास आला. दगडाखालून पाणी झिरपत असेल, ओल असेल, एवढं मी स्वतःला सांगितलं. माती हातानं चाचपली. कोरडी होती. असेल खाली, खोल.

बुडाशी सुपारी होती, तू ठेवलीस तशी. मी माझी सावली मागे पडेल अशी बसले. मला असलं काही बोलायची सवय नाही, मामा. मी म्हणाले, पडेगावचा खंडू गेला. आता पुरता गेला. तुम्ही थांबू नका. झाडाला मी अहोजाहो केलं, हे घरी आल्यावर लक्षात आलं. सुपारी उचलली आणि मागे न बघता उतरले. वारा नव्हता, तरी मागे पाला हलल्यासारखा आवाज बराच वेळ येत राहिला.

आठ दिवसांनी परत गेले. ते वाळलं होतं, बाकीच्यांसारखंच, जणू दिवाळीपासूनच वाळलेलं. खाली बी सांडलं होतं. मी घेतलं नाही, तिथंच राहू दिलं. श्रावणात उगवेल, आणि मला ते लागणार आहे, आणि मी आता ते दुपारच्या उन्हात उपटणार नाही. आवतण द्यावं लागेल. कुणाचं तरी नाव सांगावं लागेल.

पारूमामीनं परवा मला देवासमोर बसवलं आणि शब्द घेतला, की काही झालं तरी मी माझं नाव सांगणार नाही. मी दिला. मग तिनं दिवा सारखा केला आणि म्हणाली, पहिल्याच साली तुझ्या मामानंही मला इथंच बसून हाच शब्द दिला होता.